आम्ही, आपण आणि हम



कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो वेतन, बोनस नाहीतर नवे कायदे यांवर बोलणार, अशी चालकांची समजूत होती. आणि ती गैर होती असे नाही. त्या विषयांवर आम्ही बोलतोच, रोज बोलतो. म्हणून आज व्याकरणावर बोलावे असे आम्ही कळविले, तेव्हा चालकांनी उलट विचारणा केली की, विषय लिहिताना काही घोटाळा तर झाला नाही ना? घोटाळा झालेला नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काय शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, पुकारा होण्याची वाट पाहत. मोरो केशव दामले यांचे १९११ साली निघालेले 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आम्ही त्या व्हरांड्यातच वाचून काढले. तारखा पडत गेल्या, पाने उलटत गेली. तेव्हा आम्ही पंडित नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. परंतु भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी अशा यंत्रमागांच्या गावांतून आणि पुढे मोठ्या कारखान्यांतून तीस वर्षे ज्यांच्यात वावरलो, ती माणसे सकाळी घरी एक भाषा बोलतात, दिवसा यंत्रापाशी दुसरी, आणि संध्याकाळी आमच्या कचेरीत येऊन तिसरीत गाऱ्हाणे सांगतात. दुसऱ्याच्या भाषेत बोलताना माणूस व्याकरणाचे काय करतो हे पाहावयास याहून बरी शाळा मिळणे कठीण.

अशी माणसे थोडी आहेत असेही कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत दर शंभरांत सुमारे २६ जणांनी आपल्याला मातृभाषेखेरीज आणखी एक भाषा येते असे सांगितले, आणि सुमारे ७ जणांनी आणखी दोन. आमच्या मते खरा आकडा याहून मोठा असला पाहिजे, कारण मागावरच्या माणसाला विचारले, "तुला हिंदी येते का?" तर तो म्हणतो, "नाही हो, कामापुरती." कामापुरती येते ती भाषाच नव्हे, अशी त्याची समजूत आम्हीच करून दिली आहे.

आता या कामापुरत्या भाषेला लोक 'मोडकी' म्हणतात. मोडकी हिंदी, मोडकी मराठी. आमचा वाद या एका शब्दाशी आहे. मोडलेल्या वस्तूचे तुकडे कसेही पडतात. कपबशी दोनदा फोडली तर दोन्ही वेळा सारखे तुकडे होत नाहीत. पण दुसरी भाषा बोलणाऱ्याच्या चुका अशा पडत नाहीत. त्या ठरलेल्या जागी पडतात, आणि एका मुलुखातून आलेल्या शंभर माणसांच्या त्याच जागी पडतात. ज्या अर्थी त्या ठरलेल्या जागी पडतात, त्या अर्थी त्यांच्यामागे काही नियम असला पाहिजे. तो नियम कोणता, हे शोधणे म्हणजेच आजचा विषय.

उत्तरेकडचा माणूस मराठी बोलू लागला की पहिल्या महिन्यात म्हणतो, "मी आला." ऐकणारे हसतात. पण त्याच्या घरची व्यवस्था पाहा. हिंदीत मैं आया, तू आया, वह आया. तिघांनाही क्रियापद एकच. आपल्याकडे मी आलो, तू आलास, तो आला. म्हणजे मराठी क्रियापद हे बघते की येणारा कोण. बोलणारा, ऐकणारा की तिसराच. हिंदी क्रियापद या रूपात एवढेच बघते की येणारा पुरुष की बाई, एक की अनेक. तेव्हा तो माणूस 'आला' हे एकच रूप उचलतो आणि तिन्ही ठिकाणी चालवितो. तो व्याकरण सोडून बोलत नाही. तो घरचे व्याकरण मराठी शब्दांत भरून बोलतो.

'घरला जातो' हेही तसेच. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते; घर-चे घरा होते आणि मग 'ला' लागतो. हिंदीत 'घर को' म्हणताना घर जसेच्या तसे राहते. म्हणून तो 'घरला' म्हणतो. पण मौज अशी की 'कारखाना' या शब्दापाशी तो सहसा अडत नाही. हिंदीत 'कारखाने में' होतेच. म्हणजे येथे शब्द वाकवावा लागतो हे त्याला कोणी न शिकविता ठाऊक असते, फक्त कसा वाकवायचा एवढेच शिकायचे राहते. एकाच माणसाच्या तोंडात एक शब्द चुकतो आणि दुसरा चुकत नाही, याचे कारण असे त्याच्या घरी सापडते.

आता आपण आपल्या घरात पाहू. मराठी माणूस हिंदी बोलताना 'मैं काम किया' म्हणतो. हिंदी व्याकरणाला 'मैंने' हवे. यावरून दिल्लीकडची माणसे आम्हाला हसतात. परंतु तोच नवशिका मराठी माणूस 'उसने काम किया' हे मात्र बरोबर म्हणतो. असे का व्हावे? कारण मराठीत 'त्याने काम केले' असे आहे, तेथे 'ने' आहे. 'मी काम केले' येथे नाही. पूर्वी येथेही वेगळे रूप होते. जुन्या पत्रांतून 'म्यां लिहिले', 'त्वां केले' अशी रूपे आढळतात. पुढे 'म्यां' झिजून 'मी'त मिळून गेला. तेव्हा आमच्या तोंडी 'मैंने' येत नाही त्याची मुळे मराठीच्या दोन-तीनशे वर्षांच्या चालीत आहेत. याउलट बलिया-छपऱ्याकडचा भोजपुरी माणूसही 'ने' गाळतो. पण तो सगळीकडेच गाळतो, कारण त्याच्या घरच्या बोलीत 'ने' नाहीच. दोघे एकाच यंत्रावर उभे राहून एकच चूक करतात आणि दोघांची कारणे निरनिराळी असतात. आम्हाला हे कळले त्या दिवशी मोठी गंमत वाटली होती.

लिंगाचा घोळ तर सर्वांच्या परिचयाचा आहे. सभेत ध्वनिक्षेपक हाती घेतला की मराठी पुढारी प्रथम विचारतो, "मेरा आवाज आता है क्या?" मराठीत आवाज तो, हिंदीत ती. बंगाली माणसाच्या भाषेत व्याकरणाचे लिंगच नाही, त्यामुळे त्याला हिंदीही जड आणि मराठी तर दीडपट जड. कारण आपण तिसरे लिंगही बाळगून आहोत. सोलापुरात विड्या वळणाऱ्या तेलुगू भगिनींच्या बैठकांना आम्ही जात असू. तेलुगूत एकवचनी पुरुष एका बाजूला, आणि बाई, गाय, सूप, विडी सारे दुसऱ्या बाजूला. क्रियापद बाईला आणि वस्तूला एकच. म्हणून एखादी म्हातारी "सून कामाला गेलं" असे म्हणे. तिच्या मनात सुनेविषयी अनादर होता असे समजण्याचे कारण नाही. निदान व्याकरणावरून तरी तसे ठरविता येणार नाही.

हे केवळ गरिबाच्या बाबतीत घडते असे म्हणाल, तर व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये चला. तेथे इंग्रजी चालते. साहेब कारकुनाला सांगतात, "आय वॉन्ट इट टुडे ओन्ली." हा 'ओन्ली' म्हणजे आपल्या 'आजच'मधला 'च' आहे. "आय अ‍ॅम हॅविंग टू सन्स" म्हणतात. इंग्लंडातला माणूस असे म्हणत नाही. साहेबांनी चौदा वर्षे शाळा-कॉलेजात इंग्रजी शिकून जे केले, तेच प्रेसवरच्या माणसाने चौदा दिवसांत मराठीबाबत केले. परंतु एकाला इंग्रजी येते म्हणतात आणि दुसऱ्याला मराठी येत नाही म्हणतात. येथे व्याकरण संपते आणि पगारपत्रक सुरू होते.

विद्वानांनी याचा विचार केलेला नाही असे नाही. उरियल वाइनराइख यांनी १९५३ साली भाषांच्या संपर्कावर पुस्तक लिहून एका भाषेचा साचा दुसरीत कसा उतरतो ते मांडले. पुढे १९६७ साली पिट कॉर्डर यांनी असे प्रतिपादन केले की, शिकणाऱ्याच्या चुका या पुसून टाकण्याची घाण नव्हेत. तो मनात कोणते नियम बांधीत आहे याचा तो पुरावा आहे. फ्रान्स्वा ग्रोजाँ यांचे म्हणणे आम्हाला अधिक आवडले: दोन भाषा बोलणारा माणूस म्हणजे एका कातडीत बसविलेले दोन एकभाषी माणसे नव्हेत. एवढे सांगून विद्वानांना रजा देतो, कारण आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे यावयाचे आहे.

ती गोष्ट म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण'.

आपल्याला हा भेद इतका अंगवळणी पडला आहे की तो आहे हेच ध्यानात येत नाही. 'आम्ही मालकाला भेटलो' म्हणजे ऐकणारा त्यात नव्हता. 'आपण मालकाला भेटू' म्हणजे ऐकणाराही त्यात आहे. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्येही असाच भेद. हिंदीत मात्र दोन्हींना 'हम', इंग्रजीत दोन्हींना 'वुई'. एरवी यात काही बिघडत नाही. परंतु कारखान्याच्या दाराशी पाचशे माणसे उभी आहेत आणि वक्ता सांगतो आहे, "आम्ही व्यवस्थापनाशी तीनदा बोललो. आता आपण काम बंद ठेवायचे की नाही, हे ठरवू." हे वाक्य हिंदीत करून पाहा. "हम तीन बार बात कर चुके हैं, अब हम तय करेंगे." ऐकणाऱ्याला कळत नाही की ठरविणारे कोण, व्यासपीठावरचे चार की खाली उभे असलेले पाचशे. संघटनेत याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा नाही, आणि तो एका सर्वनामावर अडतो.

मुंबईच्या कामगारवस्तीने यावर उपाय काढला तो कोणत्याही साहित्य परिषदेला न विचारता. तिने हिंदीत 'अपन' आणला. "हम लोग बोल के आए, अब अपन सोचेंगे." मराठी, गुजराती आणि तेलुगू माणसाला जो भेद घरी लागत होता तो त्याने बाजारच्या हिंदीत जागा करून घेतला. (चित्रपटातला गुंड 'अपुन' म्हणतो तेव्हा तो एकटाच असतो, ती गोष्ट वेगळी.) याच हिंदीत 'मेरे को जाने का है' आहे. शुद्ध हिंदीवाले कपाळाला हात लावतात, पण 'मला जायचे आहे' हे शेजारी ठेवा म्हणजे 'जायचे' आणि 'जाने का' हे एकाच फर्म्यावर बेतलेले दिसतील. 'तुम आते बोल के मैं रुका' यातले 'बोल के' म्हणजे आपले 'म्हणून'. तेलुगूतही अशीच रचना आहे. दक्षिणेच्या दखनी उर्दूने तर आपला 'नको' घेऊन त्याचा 'नक्को' केला आणि आपला 'च'ही घेतला. शब्द उसने घेणे सोपे असते, ते सगळेच घेतात. येथे वाक्याचा सांगाडा घेतला गेला आहे.

सांगाडा कुठवर बदलू शकतो याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण आपल्या सांगलीपाशी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुपवाड. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे, आणि १९९८ सालापासून ते सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे. परंतु साठ वर्षांपूर्वी ते तीनेक हजार वस्तीचे खेडे होते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तेथल्या बोलण्याचा अभ्यास करून १९७१ साली निबंध प्रसिद्ध केला. गावात जैन आणि लिंगायत घरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू बोलत, दलित व भूमिहीन मजूर मराठी बोलत आणि दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू होती. शेतावर, चावडीवर, बाजारात पुरुषमंडळी दोन-दोन, तीन-तीन भाषा बोलत, आणि हे शेकडो वर्षे चालत आलेले. परिणाम असा झाला की शब्द ज्याचे त्याच्यापाशी राहिले, पण वाक्याचा बांधा एक झाला. कुपवाडच्या कन्नड वाक्यातला एकेक शब्द काढून त्या जागी मराठी शब्द ठेवीत गेले तर तेथले मराठी वाक्य तयार होते, उर्दू ठेवले तर तेथली उर्दू.

एक उदाहरण देतो. आपण म्हणतो, 'तिथे नदी आली होती', म्हणजे पूर आला होता. नदी ती. पण कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरते. माणूस पुरुष असेल तर पुल्लिंगी, बाई असेल तर स्त्रीलिंगी, बाकी सारे जग नपुंसक. कुपवाडच्या मराठीने ही व्यवस्था घेतली आणि तेथला माणूस 'तिथं नदी आलं होतं' असे म्हणू लागला. तेथली उर्दूही 'नदी आया था' म्हणू लागली. आणि बदल्यात काय झाले? कन्नडला 'हे घर तुमचे' एवढ्यावर भागते, 'आहे' लागत नाही. कुपवाडच्या कन्नडने मराठी-उर्दूकडून तो 'आहे' घेतला. उर्दूने 'आम्ही-आपण'चा भेद घेतला, आपल्या मुंबईकर 'अपन'सारखाच. देणारा थोर आणि घेणारा हलका असा प्रकार येथे नाही. प्रत्येकाने काही सोडले, काही घेतले.

मग सगळ्यांनी मिळून एकच भाषा का केली नाही? अभ्यासकांचे उत्तर असे की, घरची भाषा ही जातीची आणि समाजाची खूण होती. ती सोडणे म्हणजे आपण कोण हे सोडणे. म्हणून कानाला ऐकू येतात ते शब्द त्यांनी राखले आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही ते व्याकरण सारखे करून घेतले. आम्हाला हे उत्तर पटते. मात्र त्यातली जातीची वाट नजरेआड करून या गावाला भाषांच्या बंधुभावाचे तीर्थ करणे पटत नाही. एकमेकांच्या चुलीपाशी न बसणाऱ्या माणसांनी एकमेकांचे व्याकरण घेतले, ते बांधावर आणि मजुरीवर घेतले. सुमारे चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्या गावाची पुन्हा पाहणी केली आणि जुन्या निष्कर्षांची फेरतपासणी केली. भाषावार प्रांतरचना होऊन गेली, महाराष्ट्र राज्य झाले, शाळेची आणि सरकारची मराठी गावात आली. तेव्हा जुना समतोल मराठीच्या बाजूला झुकला यात नवल नाही.

याच भागातली आणखी एक गोष्ट सांगतो. कोल्हापुराकडच्या मुली 'मी येतो', 'मी गेलो' म्हणतात आणि पुण्यात आल्यावर त्यांची थट्टा होते. शेजारच्या कन्नडमध्ये 'मी' म्हणणाऱ्याच्या क्रियापदाला लिंगच नसते. बाई आणि पुरुष दोघेही एकच रूप वापरतात. दोहोंचा संबंध असावा असा आमचा तर्क आहे. तर्कापलीकडे आम्ही जात नाही. पण थट्टा करणाऱ्यांनी तेवढा तरी केला असता तर बरे झाले असते.

आता हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. भाषेच्या गमतीजमती म्हणून सोडून देता आल्या असत्या, तर आम्हीही सोडल्या असत्या. पण व्याकरणावर माणसाची नोकरी जाऊ शकते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका इंजिनिअरिंग कारखान्यात पॉवर प्रेसचा गार्ड निखळला होता. त्या प्रेसवरचा कामगार पूर्वांचलातला. त्याने दोनदा सांगून पाहिले आणि मग यंत्र बंद करून बाजूला उभा राहिला. पर्यवेक्षकाने सुरू करावयास सांगितले, याने केले नाही. जबाब झाला तेव्हा तो म्हणाला, "हाथ बचाने के लिए हम मशीन बंद कर दिए." लिहून घेणाऱ्या कारकुनाने इमानाने मराठी केले: "हात वाचविण्यासाठी आम्ही मशीन बंद केले." खाली अंगठा नव्हे, सही, त्याला सही येत होती, मराठी वाचता येत नव्हते. झाले. त्या ओळीत पाच प्रेस होते. 'आम्ही' म्हटल्यावर पाचही जणांवर आरोपपत्र आले, आणि त्यात शब्द होता 'संगनमताने'. एकट्याने धोका पाहून यंत्र थांबविणे ही एक गोष्ट. पाच जणांनी ठरवून काम बंद पाडणे ही कायद्याने अगदी दुसरी.

वस्तुस्थिती एवढीच होती की, पूर्वेकडच्या बोलीत 'हम' म्हणजे मी. अनेक जण असतील तर 'हम लोग' म्हणतात. तो माणूस आपल्यापुरतेच बोलत होता. पण हे चौकशीत सांगून कोण ऐकणार? चौकशी अधिकारी म्हणाले, "हम म्हणजे आम्ही, हे शाळेतल्या मुलाला कळते." तेव्हा त्याच्या बचावासाठी बसलेल्या आमच्या सहकाऱ्याने व्याख्या सोडून दिली आणि साधे प्रश्न विचारावयास सुरुवात केली. लग्न केव्हा झाले? "हम बीस बरस के थे, तब." घरी कोण कोण? "हम हैं, हमारी औरत है, दो बच्चे हैं." अधिकारी वैतागले, याचा प्रकरणाशी काय संबंध म्हणून. सहकारी म्हणाला, "साहेब, वीस वर्षांचे पाच जण होते आणि पाचांना मिळून एक बायको आहे, असे कारकुनाकडून लिहून घ्या." मग त्याने शेवटचा प्रश्न केला: मशीनपाशी किती जण होते? तो म्हणाला, "हम लोग पाँच थे. बंद हम किए." ते वाक्य मात्र त्याच्या शब्दांत, देवनागरीत, जसेच्या तसे नोंदवून घेतले गेले. चौघे सुटले. त्याला पर्यवेक्षकाचे ऐकले नाही म्हणून चार दिवसांचे निलंबन भोगावे लागले. गार्ड मात्र चौकशी सुरू असतानाच बसविला गेला होता.

तेव्हापासून आमच्या संघटनेत जबाब लिहिण्याची एक रीत आहे. माणूस जे बोलला ते प्रथम त्याच्या शब्दांत लिहावयाचे, मग त्याखाली मराठी. मराठीत सर्वनामाबद्दल किंचितही शंका असली तर सर्वनाम काढून नाव घालावयाचे. 'आपण' या शब्दाला तर आम्ही फारच जपतो. कारण तो 'आपण सारे' असाही आहे आणि 'आपण बसावे' असा आदराचाही आहे. 'आपण उद्या सकाळी कामावर हजर राहावे' ही नोटीस नव्या माणसाला कशी कळेल हे वाचून पाहा. साहेबही येणार आहेत, असे एकाने आम्हाला विचारले होते.

दुसरी एक रीत अधिक अवघड आहे, आणि ती आमच्याहून तुम्हाला अधिक लागू आहे. समोरचा माणूस मराठी बोलू लागला, 'मी आला' म्हणाला, की आपण मराठी माणसे त्याच क्षणी हिंदीत शिरतो. त्यात आपला उदारपणा असतो, थोडी घाई असते आणि खरे सांगावयाचे तर थोडी ऐटही असते. मग तोच माणूस वीस वर्षे येथे राहून मराठी शिकला नाही अशी तक्रार करतो. 'आलो' हे रूप त्याच्या कानावर पडले तरच पुढे कधीतरी त्याच्या तोंडात येणार. तो ते पुस्तकातून घेत नाही, आपण दिलेल्या उत्तरातून घेतो. "मी आला" या वाक्याला "बरं झालं आलास, बस" एवढे जरी उत्तर मिळाले तरी त्यात दोन रूपे त्याच्या पदरी पडतात. रस्त्यावर एखाद्याची गचांडी धरून त्याला 'मराठी बोल' म्हणणारे वीर आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, तो बोलला तर पुढचे वाक्य तुम्ही कोणत्या भाषेत बोलणार? आमच्या शाखांत आम्ही सांगून ठेवले आहे की, ज्याला मराठी बोलावयाचे आहे त्याच्याशी सावकाश मराठीतच बोलावे, रूप चुकले तर थांबवू नये, आपल्या उत्तरात बरोबर रूप घालावे. जबाब आणि अपघाताची बाब असली तर मात्र मराठीचा हट्ट धरू नये; तेथे माणसाला त्याच्या घरच्या व्याकरणातच बोलू द्यावे.

मुलांचे तर निराळेच. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांच्या शाळा चालविते, पण भिवंडी-ठाण्याच्या वस्त्यांतून उत्तरेकडच्या माणसांची पोरे मराठी शाळेतही जातात. वर्षा-दोन वर्षांत ती 'आलो', 'आलास', 'घराला' अगदी आपल्यासारखे बोलतात. गेल्या पावसाळ्यात कचेरीत एक बांधकाम मजूर नोंदणीचा अर्ज भरावयास आला, सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. आम्ही मराठीत विचारीत होतो, ती बापाला भोजपुरीत सांगे, बाप बोले, ती मराठी करी. आम्ही विचारले, मागच्या वर्षी किती दिवस काम केले? बाप म्हणाला, "हम तो सौ दिन से ऊपर किए हैं." मुलगी क्षणभरही न थांबता आमच्याकडे वळून म्हणाली, "बाबा म्हणतात, मी शंभर दिवसांच्यावर काम केलंय." आम्ही अर्जात शंभराच्यावर नेमके किती, ते विचारून आकडा लिहिला, आणि तिने बापाची सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखविले.